रिबकेचा बुरखा आणि तीन फुल्या

“दिसतंय तोवर येऊन जा,” असं मित्र फोनवर म्हणाला, म्हणून आम्ही हैदराबादला गेलो. एरवी दोन वर्षं नुसतं ‘येऊ, येऊ’ चाललं होतं. रविवारचे धर्मशिक्षणाचे वर्ग, पहिल्या कम्युनियनची तयारी, कुणाचं लग्न, कुणाची मयत. आमच्या कामाला सुट्टी अशी नसतेच, आणि आपल्यावाचून धर्मग्रामाचं अडेल असं वाटून घेण्यात आम्हाला थोडं सुखही असतं. या वेळी फादरांना सांगितलं, वर्ग सिस्टरांवर सोपवले आणि शुक्रवारी रात्री बेळगावहून बस धरली.

‘आम्ही’ म्हणजे नवरा-बायको दोघं. कोण काय बोललं ते पुढे वेगवेगळं सांगत नाही, कारण चूक दोघांची होती.

मित्र आमच्याच चर्चचा. लहानपणी एका बाकावर बसून कॅटेकिझम पाठ केलेला, पुढे कॉलेजात कला शाखाही बरोबरच केलेली. तो चित्रकलेचा शिक्षक झाला. नाताळच्या गोठ्यामागचा पडदा वर्षानुवर्षं त्यानेच रंगवला. निळ्या रात्रीत बेथलेहेमच्या टेकड्या, आणि नीट पाहिलं तर त्यांत आपला येळ्ळूरचा राजहंसगड. वहिनी नर्स आहेत, त्यांना सिकंदराबादला नोकरी लागली म्हणून हे कुटुंब तिकडे गेलं. चार वर्षांपूर्वी त्याला काचबिंदू असल्याचं कळलं, तेही उशिरा. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी औषधांनी राखायची. कडेकडेने अंधार होत होत मधला गोल तेवढा राहतो. “नळीतून बघतोय समज,” असं तो सांगतो.

निघायच्या आदल्या दिवशी त्याचा धाकटा भाऊ आमच्या घरी आला. हातात कुंद्याचा डबा आणि एक पिवळं पाकीट. कुंदा दादासाठी, आणि पाकिटातल्या कागदांवर दादाच्या सह्या हव्या होत्या. “घराच्या कागदांचं जरा आहे. तीन ठिकाणी सही. पेन्सिलीने फुल्या मारून ठेवल्यात, त्याला शोधायला नको. वाचायचा त्रास त्याला देऊ नका, डोळ्यांना ताण पडतो. आणि खाली साक्षीदार म्हणून तुम्ही दोघं करा. तुम्ही आहात म्हटल्यावर तो काही विचारणार नाही.”

शेवटचं वाक्य आम्हाला मान दिल्यासारखं वाटलं. चर्चची माणसं, आमच्या शब्दाला किंमत. पाकीट बंद केलेलं नव्हतं. बसमध्ये रात्रभर ते पिशवीत होतं, आणि आम्ही ते उघडलं नाही. दुसऱ्याचे कागद वाचू नयेत, हा सभ्यपणा आहे, असं एकमेकांना म्हणालोही. आता वाटतं, सभ्यपणापेक्षा भीती जास्त होती. वाचलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं.

शनिवारी सकाळी वहिनी ड्यूटीवर जायच्या गडबडीत होत्या. चहा-उपमा झाला, आणि मित्र म्हणाला, “आधी सालारजंग. बारा वाजता घड्याळासमोर असायला हवं.” परेड ग्राउंडहून मेट्रोने एमजीबीएसपर्यंत, तिथून रिक्षाने मुसी ओलांडून. मेट्रोच्या जिन्यावर त्याने आमचा दंड धरला. आम्ही त्याचा हात धरायला गेलो तर त्याने तो सोडवला. “मला धरू नको, मला धरू दे,” म्हणाला. हा फरक आम्हाला तोवर माहीत नव्हता. आपण त्याला धरलं की आपण त्याला नेतो. त्याने आपल्याला धरलं की तो चालतो.

संग्रहालय तिसऱ्या सालारजंगांचं, म्हणजे मीर युसुफ अली खान यांचं. तरुणपणी थोडा काळ ते निजामाचे दिवाण होते, ते पद सोडल्यावर उरलेलं आयुष्य वस्तू जमवण्यात गेलं. लग्न केलं नाही. 1949 मध्ये ते वारले तेव्हा वारस कुणी नव्हता. 1951 मध्ये त्यांच्या दिवाण देवडीतच संग्रहालय उघडलं आणि 1968 मध्ये ते नदीकाठच्या आताच्या इमारतीत आलं. पृथ्वीवर संपत्ती साठवू नका, हे मत्तयच्या शुभवर्तमानातलं वचन आम्ही मुलांना शिकवतो. तिथली दालनं फिरताना ते आठवत होतं, आणि तरी हस्तिदंत, चिनी मातीची भांडी, जेडच्या मुठीचे खंजीर यांवरून नजर हलत नव्हती. साठवणारा गेला, आणि आता बुरख्यातल्या बाया, शाळेची पोरं, आमच्यासारखे बेळगावकर असे सगळे ते बघत फिरतात. या साठवणीला काय म्हणावं, ते आम्हाला ठरवता आलं नाही.

घड्याळ कलकत्त्याच्या कुक अँड केल्वी कंपनीचं. दर तासाला एक दाढीवाला छोटा बाहुला दार उघडून येतो, टोल देतो आणि परत जातो. बाराला सर्वांत जास्त टोल, म्हणून गर्दीही तेव्हाच. लोक अर्धा तास आधीपासून बसून होते. आम्ही माना उंचावत होतो आणि मित्र डोळे मिटून उभा होता. बारा झाले. लोकांनी मोबाइल वर केले. “दोन टोलांमधलं अंतर ऐकलंस?” त्याने नंतर विचारलं. आम्ही ऐकलं नव्हतं. आम्ही पाहत होतो.

मग रिबका. ‘व्हेल्ड रिबेका’ म्हणून तो पुतळा प्रसिद्ध आहे. इटालियन शिल्पकार जिओव्हानी मारिया बेंझोनी यांनी घडवला, आणि 1876 मध्ये पहिल्या सालारजंगांनी तो रोममध्ये विकत घेतला. बेंझोनी यांनी या रिबकेच्या आणखीही प्रती घडवल्या होत्या, त्या परदेशांत आहेत. संगमरवर एकच, आणि त्याच दगडात चेहरा आणि चेहऱ्यावरचा झिरझिरीत बुरखा. ओल्या मलमलीसारखा तो अंगाला चिकटलाय असं वाटतं. बुरख्याखालून नाकाची रेघ, ओठ, खाली झुकलेली नजर जाणवते. हात लावायला मनाई आहे, ते बरंच आहे. नाहीतर पहिले आम्हीच तो पदर चाचपून पाहिला असता.

“मला तिचा चेहरा दिसतो, पण फक्त चेहरा,” मित्र म्हणाला. “मान हलवून हलवून बाकीची जोडावी लागते. तू वरून खालपर्यंत सांग.”

आम्ही सांगू लागलो. चित्रकलेच्या शिक्षकाला पुतळा समजावून सांगणं सोपं नव्हतं. “सुंदर आहे” म्हटलं की तो म्हणे, “ते सोड. वजन कुठल्या पायावर आहे?” “दुःखी वाटते” म्हटलं तर, “का वाटते? मान किती झुकलीय?” असं करत करत अर्धा तास आम्ही त्या एका पुतळ्यासमोर होतो. इतका वेळ आम्ही कुठल्याही मूर्तीकडे पाहिलेलं नाही, आमच्या चर्चमधल्या मरियामातेकडेही नाही. तिचा डावा हात कसा आहे असं कुणी विचारलं असतं तर त्या क्षणी सांगता आलं नसतं.

रिबकेची गोष्ट आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो. उत्पत्तीचा चोविसावा अध्याय. अब्राहामाचा नोकर इसहाकासाठी मुलगी शोधायला जातो, विहिरीपाशी थांबतो, आणि रिबका त्याला तर पाणी देतेच, वर त्याच्या दहा उंटांनाही पाजते. तहानलेला उंट शंभर लिटर पाणी सहज पितो, दहा उंटांचं म्हणजे हजार लिटर, तेही घागरीने, असा हिशेब फळ्यावर मांडला की मुलं गप्प होतात. मग घरचे विचारतात, जाशील का? ती म्हणते, जाईन. आणि एका संध्याकाळी शेतात मनन करत फिरणारा माणूस तिला दिसतो, हाच इसहाक असं कळतं, ती उंटावरून उतरते आणि तोंडावर बुरखा घेते. बेंझोनी यांनी पकडलाय तो क्षण. इथे आम्ही वर्गात थांबतो. फार तर देवाच्या योजनेवर दोन वाक्यं बोलतो आणि प्रार्थना घेतो.

मित्र मात्र थांबला नाही. “हीच पुढे करडाचं कातडं बांधते बघ,” तो म्हणाला.

तोही धडा आम्ही शिकवतो, पण भरभर. इसहाक म्हातारा झालाय, डोळे मंदावलेत. थोरल्या एसावाला आशीर्वाद द्यायचंय, त्याआधी शिकारीचं रुचकर जेवण आण म्हणून त्याने त्याला पाठवलंय. रिबका ऐकते. ती घरच्या करडांचं मांस रांधते, धाकट्या याकोबाला एसावाची वस्त्रं घालते, हातांना आणि मानेला कातडं लावते आणि आंधळ्या बापापुढे उभा करते. वाईट बाई नाही ती. थोरला धाकट्याची सेवा करील हे देवानेच तिला गरोदरपणी सांगितलं होतं. देवाला थोडा हातभार लावावा, एवढंच तिने केलं असेल.

“तू वर्गात काय सांगतोस? इसहाक फसला?”

“फसलाच की.”

“मला आता तसं वाटत नाही. परत वाच. तो विचारतो, तू कोण? मग विचारतो, इतक्या लवकर शिकार मिळाली कशी? मग म्हणतो, जवळ ये, चाचपून बघतो. आवाज याकोबाचा वाटतो असं तोंडाने बोलून दाखवतो. आणि वर परत विचारतो, खरंच तू एसाव आहेस ना? ज्याला दिसत नाही तो उगाच इतकं विचारत नाही. त्याला शंका आलीच होती. पण समोर पोटचा मुलगा, घरात बायको. घरच्यांना किती वेळा विचारायचं रे? एका टप्प्यावर माणूस म्हणतो, बरं, तू म्हणतोस तर तसं. तो फसलेला नसतो, दमलेला असतो.”

हे तो सहज बोलला. पाकिटाबद्दल त्याला काहीच ठाऊक नव्हतं. पिशवी आमच्या खांद्यावर होती, आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहायचं टाळलं.

त्यानंतर जवळच ती दुतोंडी लाकडी मूर्ती पाहिली. पुढून मेफिस्टोफिलिस, ताठ, हसरा सैतान. मागे आरसा, आणि आरशात त्याच लाकडाच्या पाठीवर कोरलेली मार्गारेटा, मान खाली घातलेली. ग्योथेंच्या ‘फाउस्ट’मधली पात्रं. लोक पुढून हसत होते, आरशात पाहून गप्प होत होते. आम्ही फार वेळ थांबलो नाही.

रात्री मित्र झोपल्यावर आम्ही पाकीट उघडलं. चार पानं, कन्नडमध्ये. आमचं कन्नड बेतास बात. शाळेत शिकलो तेवढं, आणि पुढे तलाठ्याच्या नि बँकेच्या अर्जांनी शिकवलं तेवढं. बोट ठेवून एकेक ओळ लावत गेलो. वडिलोपार्जित घरातला माझा हिस्सा मी धाकट्या भावाच्या नावे करायला राजीखुशीने संमती देत आहे, मोबदल्याची रक्कम मला पोचली आहे. रकमेची जागा कोरी होती. शेवटी, सदर मजकूर मला वाचून दाखवला व मान्य आहे. त्याच्या खाली तिसरी फुली, आणि तिच्या बाजूला साक्षीदारांच्या दोन ओळी.

सदर मजकूर मला वाचून दाखवला. तेवढं वाक्य कळायला कन्नड जास्त यायची गरज नव्हती. त्याखाली आम्ही नाव लिहिणार होतो.

धाकट्याचं वाईट चालणार नाही, हे आम्हाला माहीत आहे. आईवडिलांचं आजारपण त्यानेच काढलं, गळकं छप्पर त्यानेच दोनदा बदललं. कदाचित घर त्याच्याकडे जाणंच रास्त असेल. रिबकेलाही असंच वाटलं असेल. त्या रात्री तिच्याबद्दल आमचं मत थोडं मऊ झालं आणि स्वतःबद्दलचं कडक.

रविवारी सेंट मेरीज बॅसिलिकात मिस्सा. 1850 मध्ये बांधलेलं हे चर्च, 2008 मध्ये त्याला बॅसिलिकेचा मान मिळाला. कम्युनियनच्या रांगेत आम्ही गेलो नाही. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर, असं प्रभू सांगतो. इथे तर भावाला आपल्याविरुद्ध काही आहे हे ठाऊकही नव्हतं आणि तो आमच्या शेजारी बसला होता. वहिनींनी आमच्याकडे वळून पाहिलं, बोलल्या काही नाहीत. मित्र आमच्या आधाराविनाच, पुढच्या माणसाच्या पाठीवर दोन बोटं टेकवून वेदीपर्यंत गेला आणि आला.

दुपारी वहिनी घरी राहिल्या, आणि त्याने आम्हाला नामपल्लीच्या पब्लिक गार्डनमधल्या राज्य पुरातत्त्व संग्रहालयात नेलं. तिथे काचेच्या पेटीत इजिप्तहून आणलेली ममी आहे. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा देह. मुलांच्या झुंडीत उभे राहून आम्ही पाहिलं. हाडाचा माणूस इतका लहान होतो. बायबलमध्येही असे देह आहेत, हे पटकन लक्षात येत नाही. याकोब इजिप्तमध्ये मेला तेव्हा योसेफाने वैद्यांकरवी त्याच्या देहात मसाला भरून घेतला, त्याला चाळीस दिवस लागले. पुढे योसेफाचंही तसंच. ज्या हातांना रिबकेने कातडं बांधलं ते हात शेवटी पट्ट्यांत गुंडाळले गेले.

बागेत एका बाकावर बसलो. त्या याकोबाचं शेवटचं प्रकरण आम्ही मित्राला सांगू लागलो. खरं तर वेळ काढत होतो. म्हातारपणी याकोबाचेही डोळे मंदावले. योसेफ आपली दोन मुलं आशीर्वादासाठी आणतो आणि थोरला आजोबाच्या उजव्या हाताशी येईल असा उभा करतो. म्हातारा हात आडवे करतो आणि उजवा हात धाकट्याच्या डोक्यावर ठेवतो. योसेफाला वाटतं, दिसत नाही म्हणून चुकला. तो बापाचा हात धरून उचलायला जातो. बाप म्हणतो, ठाऊक आहे मला.

“हं,” मित्र म्हणाला. “हात धरायला गेला.”

मग आम्ही पाकीट काढलं आणि सगळं सांगितलं. कुणी दिलं, काय सांगून दिलं, आम्ही काय कबूल केलं. मग चारही पानं वाचली. आधी कन्नड ओळ, मग तिचं मराठी. माळी पाइपने पाणी मारत होता, पोरं पळत होती. रकमेच्या कोऱ्या जागेशी आल्यावर तो म्हणाला, “परत वाच.” परत वाचलं. फुल्या कुठे कुठे आहेत ते विचारलं. आम्ही त्याचं बोट धरणार होतो, मग आठवलं आणि कागद त्याच्या हातात दिले. त्याने ते डोळ्यांच्या अगदी जवळ नेले, त्या नळीत एकेक फुली धरून पाहिली.

“काल का नाही दिलंस?”

“काल देणारच होतो. न वाचता.”

तो बराच वेळ बोलला नाही. आम्हाला वाटलं, आता तीस वर्षांचं काहीतरी तुटलं. त्याने कागदांची घडी घातली. घडी त्याच्या हाताची नेहमीची, काटकोनात. पाकीट आमच्या मांडीवर ठेवलं.

“घर त्याला द्यायला माझी ना नाही. आईची उशाशी बसून सेवा त्याने केली, मी नव्हतो. पण हे परत ने. म्हणावं, तू ये आणि तूच वाचून दाखव. त्याच्या आवाजात मला ऐकायचंय.” आणि थोड्या वेळाने, “चहा प्यायचाय का? इथून जवळ इराणी आहे. उस्मानिया बिस्किटं बुडवून खायची, नुसती खाल्लीस तर लोक हसतील.”

त्या चहावर तो आमच्याशी नेहमीसारखा बोलला की नेहमीपेक्षा कमी, हे आम्ही अजून एकमेकांना विचारतो. रात्री बसपर्यंत सोडायला तो आणि वहिनी दोघं आले. कुंद्याचा डबा रिकामा करून त्यात वहिनींनी खुबानी का मीठा भरून दिला होता, “भावजींना द्या” म्हणून. कुठल्या भावजींना, ते आम्हाला कळलं.

बेळगावात पोचल्यावर डबा आणि पाकीट दोन्ही नेऊन दिलं. धाकट्याने पानं मोजली, फुल्यांच्या जागा पाहिल्या. “वाचून दाखवलंत?” हो म्हटलं. दादाचा निरोप सांगितला. त्याने आम्हाला बसा म्हटलं नाही. पुढचे पाच रविवार तो तिसऱ्या बाकावरून उठून आमच्यासमोरून न बोलता गेला. सहाव्या रविवारी मिस्सानंतर त्याने विचारलं, हैदराबादची रात्रीची बस किती वाजता सुटते. तेवढंच.

हे लिहून झाल्यावर दोघा भावांना वाचून दाखवलं. थोरल्याला फोनवर, धाकट्याला त्याच्या ओसरीवर बसून. धाकट्याने एक वाक्य काढायला सांगितलं. ते काढलं आहे.